मलाक्का : नाखव्यांचे आणि सौदागरांचे गाव

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तख्ते, लढाया आणि किल्ले उभे राहतात. सनावळ्या पाठ होतात, परीक्षा संपते आणि इतिहासही तेथेच संपतो. आज मी तुम्हांला एका बंदरावर नेणार आहे. तेथे लढाई झाली, किल्लाही आहे. परंतु ते गाव नावारूपाला आणले व्यापाऱ्यांनी, आणि त्या व्यापाऱ्यांत आपल्या कोकणचे लोकही होते.

हे गाव म्हणजे मलेशियातील मलाक्का. तेथील लोक त्याला मेलाका म्हणतात. क्वालालंपूरहून बसने सुमारे दोन तासांची वाट आहे. प्रदेश विषुववृत्ताजवळचा, त्यामुळे बारमाही उकाडा आणि दुपारी अचानक कोसळणारा पाऊस. नदीकाठच्या अरुंद, लांबलचक जुन्या घरांतून आता स्वस्त मुसाफिरखाने निघाले आहेत आणि पाठीवर भली मोठी पिशवी घेऊन देशोदेशी हिंडणारी तरुण मुले तेथे उतरतात. जोंकर रस्त्यावरचा रात्रीचा बाजार पाहायचा, चार छायाचित्रे काढायची आणि दुसऱ्या दिवशी पुढचे गाव गाठायचे, असा बहुतेकांचा क्रम. यात वाईट काही नाही. हिंडणारा मुलगा घरी बसून कंटाळणाऱ्या मुलापेक्षा केव्हाही बरा. पण या गावात माणसे मुक्कामाला थांबू लागली त्याला सहाशे वर्षे झाली, हे ठाऊक असले तर त्याच भिंती वेगळ्या दिसतात.

ते थांबणे वाऱ्यामुळे होते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर आपल्या बाजूची शिडाची जहाजे पूर्वेकडे जात. ईशान्य वाऱ्यावर चीनची जहाजे खाली येत. दोघांची गाठ मलाक्काच्या सामुद्रधुनीत पडे. परतीचा वारा सुटेपर्यंत महिनोन् महिने तेथेच राहावे लागे. मग गोदामे आली, वखारी आल्या, प्रत्येक मुलखाच्या लोकांची आळी वसली. 1400 च्या सुमारास परमेश्वर नावाच्या राजाने वसवलेले हे ठाणे, पुढे तेथील राजघराण्याने इस्लाम स्वीकारल्यावर, पंधराव्या शतकात पूर्वेकडील अव्वल बंदर झाले.

परक्या व्यापाऱ्यांसाठी मलाक्काच्या सुलतानांनी चार शहाबंदर नेमले होते. एक केवळ गुजराती व्यापाऱ्यांचा, दुसरा दक्षिण हिंदुस्थान, बंगाल व पेगूकडील लोकांचा, तिसरा जावा व मसाल्याच्या बेटांचा आणि चौथा चीनकडील लोकांचा. व्यापाऱ्याची जहाजावरून उतरवण्याची सोय, गोदाम, तक्रार, सारे काही त्याच्या शहाबंदराकडे. परक्या माणसाला आपली भाषा समजणारा अधिकारी मिळे. माझ्या मते मलाक्काच्या भरभराटीचे मर्म तोफांपेक्षा या व्यवस्थेत अधिक होते.

तोमे पिरेश नावाचा एक पोर्तुगीज औषधविक्रेता 1512 ते 1515 या काळात मलाक्कात होता. या बंदरात 84 भाषा कानी पडतात असे त्याने लिहून ठेवले आहे. तेथे येणाऱ्या लोकांची लांबलचक यादीही त्याने दिली. कैरो, मक्का, एडन, होर्मुझ, गुजरात; आणि वाचकहो, त्याच यादीत चौल आहे, दाभोळ आहे, गोवा आहे, दख्खनचे राज्य आहे! आपल्या खाडीतली माणसे तेथे व्यापार करीत होती, हे एका परक्याने, किंबहुना शत्रूपक्षाच्या माणसाने नोंदवून ठेवले.

भाषेतही हा शेजार शिल्लक आहे. मलाक्काच्या एका भागाचे नाव आजही बंदर हिलिर आहे. मलय भाषेत व्यापाऱ्याला सौदागर म्हणतात, गोदामाला गुदंग आणि जहाजाच्या प्रमुखाला नाखोदा. फारसीत नाखुदा म्हणजे नावेचा धनी, आणि तोच आपल्या किनाऱ्यावरचा नाखवा.

मग हे सारे विस्कटले कसे? तीन सने एका ओळीत मांडा. डिसेंबर 1508 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने दाभोळ जाळले. 1510 मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतला. ऑगस्ट 1511 मध्ये त्याच आल्बुकेर्कने मलाक्का जिंकले. पाठ्यपुस्तकात या घटना वेगवेगळ्या देशांच्या धड्यांत पडतात. वास्तविक ती एकच मोहीम होती, मसाल्याच्या वाटेवरची नाकी एकेक करून ताब्यात घेण्याची. मशिदीचे आणि सुलतानांच्या कबरींचे दगड काढून तेथे किल्ला बांधण्यात आला. लूट भरून निघालेले आल्बुकेर्कचे 'फ्लोर द ला मार' हे जहाज सुमात्राच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्याच जहाजाची लाकडी प्रतिकृती आज मलाक्कात नाविक संग्रहालय म्हणून उभी आहे आणि प्रवासी तिकीट काढून तिच्यात शिरतात! मात्र बंदर हाती आले तरी व्यापार हाती राहिला नाही. मुसलमान व्यापारी अचे, जोहोर, बांतेन अशा दुसऱ्या बंदरांकडे वळले. 1641 मध्ये डच आले, नंतर इंग्रज. इंग्रजांनी 1807 मध्ये तट पाडून टाकला. एक दरवाजा तेवढा उरला. पोर्तुगीजांच्या त्या दरवाजावर डच कंपनीचे चिन्ह आणि 1670 हा सन कोरलेला आहे.

दरवाजा सगळेच पाहतात. तुम्ही नदी ओलांडून कंपुंग क्लिंग मशीद पाहा. क्लिंग म्हणजे दक्षिण हिंदुस्थानातून आलेले लोक. 1748 मध्ये त्यांनी ती लाकडात उभारली आणि 1872 मध्ये विटांत पुन्हा बांधली. छप्पर सुमात्राच्या धर्तीचे, एकावर एक तीन थरांचे. मिनार चिनी पॅगोड्यासारखा. फरशा युरोपातून आलेल्या. त्याच रस्त्यावर चिनी मंदिर आहे आणि विनायकाचे देऊळही. 2008 मध्ये मलाक्का व पेनांगचे जॉर्ज टाउन यांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पेनांगलाही स्वस्त मुक्कामाची जागा शोधणारे तरुण चुलिया रस्त्यावर येतात. चुलिया म्हणजे तमिळ मुसलमान व्यापारी.

पालकांनो, पारपत्र आणि विमानाचे भाडे प्रत्येकाला परवडणारे नाही, हे मी जाणतो. मग दाभोळला चला. तेथे एस. टी. जाते. सतराव्या शतकातली आदिलशाही मशीद पाहा आणि मुलांना घेऊन धोपाव्याकडे जाणाऱ्या फेरीबोटीत बसा. बोट वाशिष्ठीच्या मध्यावर आली की पश्चिमेला खाडीचे मुख मोकळे दिसते. पिरेशच्या यादीतली दाभोळची माणसे तेथूनच बाहेर पडली होती.