सरकारी नोकरीतील अपंगत्व-लाभ नाकारल्यास दाद कोठे मागावी?

अमेरिकेतील राज्य विद्यापीठे, सार्वजनिक रुग्णालये, महापालिका आणि संघीय खात्यांत अनेक मराठी प्राध्यापक, डॉक्टर व अभियंते सेवेत आहेत. दीर्घ आजाराने काम थांबले आणि अपंगत्व-लाभाचा अर्ज फेटाळला गेला, तर कायद्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न आजाराविषयीचा नसतो. योजना कोणी स्थापन केली, हा असतो.

खासगी आस्थापनांच्या योजनांना १९७४चा ‘एरिसा’ हा संघीय कायदा लागू होतो. त्याखालील लाभाच्या दाव्यात सहसा ज्युरी नसते आणि दंडात्मक भरपाई मिळत नाही. योजनेने निर्णयाचा अधिकार विमा कंपनीला दिला असल्यास, सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९च्या ‘फायरस्टोन’ निकालानुसार, तो निर्णय मनमानी होता का, एवढेच प्रामुख्याने तपासले जाते.

याच कायद्याच्या कलम ४ने मात्र सरकारी योजना वगळल्या आहेत. त्यामुळे राज्य वा स्थानिक संस्थेने विमा कंपनीमार्फत दिलेल्या संरक्षणाचा वाद सामान्यतः राज्याच्या करार व विमा कायद्यानुसार चालतो. तेथे नवे वैद्यकीय पुरावे मांडण्यास आणि ज्युरीपुढे जाण्यास अधिक वाव असतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत कंपनीच्या दुर्भावनापूर्ण वर्तनाबद्दल वेगळी भरपाईही मागता येते. विमा कंपनी एकच असली, तरी खासगी आणि राज्य विद्यापीठांतील दोन प्राध्यापकांचे हक्क असे भिन्न ठरतात.

लाभ शासन स्वतःच्या निधीतून देत असल्यास वाट बदलते. शासनाला दाव्यापासून असलेले सार्वभौम संरक्षण आड येऊ शकते आणि आधी प्रशासकीय अपील करावे लागते. कॅलिफोर्नियाच्या ‘कॅलपर्स’ निवृत्ती योजनेत अपंगत्व-निवृत्तीचा वाद प्रथम प्रशासकीय न्यायाधीशापुढे चालतो; मंडळाच्या अंतिम निर्णयानंतरच न्यायालयात जाता येते.

संघीय कर्मचाऱ्यांसाठी ‘फर्स’ योजनेची स्वतंत्र चौकट आहे. किमान १८ महिन्यांची सेवा आणि किमान एक वर्ष टिकेल असा आजार या तिच्या प्रमुख अटी. सेवा संपल्यापासून साधारणतः एका वर्षात अर्ज करावा लागतो. कार्मिक व्यवस्थापन कार्यालयाने तो फेटाळल्यास ३० दिवसांत फेरविचार मागायचा आणि तोही नाकारला गेल्यास ३० दिवसांत गुणवत्ता प्रणाली संरक्षण मंडळाकडे अपील करायचे. त्यापुढे फेडरल सर्किट न्यायालय आहे. परंतु १९८५च्या ‘लिंडाल’ निकालानुसार ते अपंगत्वाविषयीचे तथ्यनिष्कर्ष पुन्हा तपासत नाही, केवळ कायद्याच्या व कार्यपद्धतीच्या गंभीर चुका पाहते. म्हणून वैद्यकीय पुरावा मंडळापुढेच पूर्ण मांडला पाहिजे.

नकारपत्रात ‘एरिसा’चा उल्लेख असला, तरी तेवढ्याने तो कायदा लागू होत नाही, छापील मजकुरात तो सरसकट आलेला असू शकतो. त्या कायद्यातील १८० दिवसांची अपील-मुदतही सरकारी योजनेत गृहीत धरू नये. योजनेचा मूळ दस्तऐवज, विमापत्र आणि दाव्याची संपूर्ण फाइल लेखी मागवावी आणि मुदत संपण्यापूर्वी त्या राज्यातील जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.