पिजिन बिल्ड होईना? आधी घोळ नेमका कुठे, ते पाहा

पिजिन हा मुक्त स्रोत चॅट प्रोग्राम १९९८ साली ‘गेम’ या नावाने सुरू झाला. एओएल कंपनीशी नावावरून चाललेला वाद मिटल्यावर २००७ मध्ये तो पिजिन झाला. सर्व्हरशी बोलण्याचे काम त्यातली लिबपर्पल ही लायब्ररी करते, खिडक्या आणि बटणे जीटीकेकडे असतात. हे वेगळेपण लक्षात असले की निम्मा घोळ सुटतो.

आवृत्ती २ सोर्सवरून बिल्ड करताना बहुतेक जण ‘कॉन्फिगर’च्या पायरीलाच अडतात. लायब्ररी बसवलेली असते, तरी ती सापडत नाही असा संदेश येतो. कारण साधे आहे. डेबियन आणि उबंटूत प्रोग्राम चालवायची फाइल एका पॅकेजात आणि बिल्डला लागणाऱ्या हेडर फाइल ‘डेव्ह’ नावाच्या दुसऱ्या पॅकेजात असतात. ते दुसरे पॅकेज टाकले की काम पुढे सरकते. स्पेलिंग तपासणी किंवा व्हिडिओ नको असेल, तर तो भाग ‘डिसेबल’ पर्याय देऊन वगळता येतो. मात्र जीएनयू-टीएलएस आणि एनएसएस ही दोन्ही वगळू नयेत. बिल्ड होईल, पण एन्क्रिप्शन मागणारे सर्व्हर दारातच उभे करतील.

खरी डोकेदुखी पुढे असते. बिल्ड होते, पण प्लगइन लोड होत नाही. लिबपर्पल प्रत्येक प्लगइनवरचा आवृत्तीचा आकडा तपासते. २.१० साठी केलेले प्लगइन २.१४ मध्ये चालते, उलटे चालत नाही. आणि आवृत्ती २ चे प्लगइन ३ मध्ये तर मुळीच नाही. विंडोजवर आणखी एक गंमत: तिथले पिजिन २ हे ३२ बिटचे आहे, त्यामुळे ६४ बिटचे प्लगइन त्यात बसतच नाही.

कधी संगणकात दोन लिबपर्पल असतात, एक डिस्ट्रोची आणि एक हाताने बिल्ड केलेली. नवे पिजिन जुनीच लायब्ररी उचलते, आणि माणूस दिवसभर कोडमध्ये चूक शोधत बसतो! ‘एलडीडी’ कमांड कोणती लायब्ररी जोडली जाते ते दाखवते. बाकीच्या तक्रारी हेल्प मेनूतल्या डीबग विंडोत दिसतात.

काही चुका मात्र बिल्डच्या नसतातच. एआयएम डिसेंबर २०१७ मध्ये, याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये आणि आयसीक्यू जून २०२४ मध्ये बंद झाले. त्या खात्यांसाठी कितीही वेळा बिल्ड केले तरी उपयोग नाही.

अडलेले काम तयार प्लगइन उतरवून भागवण्याचा मोह होतो. तिथे सावध राहावे. ऑगस्ट २०२४ मध्ये पिजिनने आपल्या यादीतले स्क्रीन शेअरिंगचे एक बाहेरचे प्लगइन काढून टाकले. त्यात टाइप केलेली अक्षरे चोरणारा कोड निघाला होता, आणि त्याचा सोर्स कुणाला पाहायलाच मिळत नव्हता. आता यादीत येण्यासाठी मुक्त स्रोत परवाना लागतो.

काहीही करण्याआधी घरच्या फोल्डरमधले लपलेले ‘पर्पल’ फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवावे. जुन्या गप्पांच्या नोंदी त्यातच असतात. पासवर्डही तिथे साध्या अक्षरांत साठलेले असू शकतात, म्हणून ती कॉपी कुणाच्याही पेनड्राइव्हवर टाकू नये.