वर्गातील ज्ञान आणि प्रत्यक्ष जग : तंत्रसाधनांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
वर्गात शिकविले जाणारे ज्ञान आणि विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष जीवन यांतील अंतर हा भारतीय शिक्षणविचारातील जुना प्रश्न आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगकेंद्री शिक्षणाचा विचार मांडला. गणित, भूगोल, विज्ञान हे विषय सूतकताई, शेती व परिसर यांच्याशी जोडून शिकवावेत, ही नई तालीमची भूमिका होती. पुढील काळातील तंत्रसाधनांनी ही भूमिका कितपत पुढे नेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपग्रहाचे पर्व :
१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ प्रयोगाद्वारे अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शालेय शिक्षणाचे कार्यक्रम पोहोचले. २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ अवकाशात सोडण्यात आला. त्यामुळे दूरच्या केंद्रातील विद्यार्थ्याला तज्ज्ञ शिक्षकास प्रश्न विचारणे शक्य झाले. २०१० मध्ये त्याची सेवा संपली. या दोन्ही प्रयोगांनी अंतर कमी केले, हे निर्विवाद आहे. परंतु विषय केंद्रात ठरत होता. विद्यार्थ्याचे गाव हे ज्ञानाचा स्रोत न ठरता केवळ ग्राहक राहिले.

दिशाबदल :
१९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ग्लोब’ उपक्रमाने वेगळी वाट दाखविली. यात विद्यार्थी आपल्या परिसरातील तापमान व पर्जन्य मोजतात आणि त्या नोंदी इंटरनेटद्वारे शास्त्रज्ञांना उपलब्ध होतात. भारतात २००९ मध्ये इस्रोने ‘भुवन’ हे नकाशा-संकेतस्थळ खुले केले. त्यामुळे स्वतःच्या गावाचे उपग्रहचित्र वर्गात पाहता येऊ लागले. विद्यार्थ्याने गावातील विहिरींची पाणीपातळी दरमहा मोजावी, ती नकाशावर मांडावी आणि ओढा, उतार व पीकपद्धती यांच्याशी तिचा संबंध तपासावा, असा अभ्यास आता सामान्य महाविद्यालयातही शक्य आहे. येथे साधन डिजिटल असले, तरी विचार वर्ध्याचाच आहे.

समारोप :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक मिळाले, ही स्वागतार्ह बाब होय. मात्र ज्या मोबाइलवर विहिरीची नोंद होते, त्याच मोबाइलवर तयार प्रकल्प अहवालही मिळतो. मूल्यमापन केवळ सुबक अहवालाचे झाले, तर विद्यार्थी विहिरीपर्यंत जाणारच नाही. कच्च्या नोंदवहीला आणि तोंडी परीक्षेला गुण देणे, हा त्यावरील साधा उपाय आहे. साधनांनी जग वर्गात आणले. विद्यार्थ्याला जगात नेण्याचे काम आजही शिक्षकाचेच आहे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.