तगर–प्रतिष्ठान–नाणेघाट मार्ग आणि महाराष्ट्रातील सामूहिक गिरिभ्रमण : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात इंका राज्यकर्त्यांनी बांधलेल्या रस्त्यांवरून आज जगभरातील पर्यटकांचे गट पायी प्रवास करतात. चार दिवसांत सुमारे ४३ किलोमीटर चालून माचू पिचू या प्राचीन नगरीपर्यंत पोहोचणे हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध टप्पा होय. मुंबई-पुण्याच्या यात्रा कंपन्याही आता मराठी पर्यटकांना या देशात नेतात. तथापि डोंगर, प्राचीन मार्ग आणि समूहाने केलेला पायी प्रवास या तीन गोष्टींचा संयोग महाराष्ट्राला नवा नाही. इंका साम्राज्याचा विस्तार पंधराव्या शतकात झाला. त्याच्या सुमारे दीड हजार वर्षे आधीपासून गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीतून, म्हणजे आजच्या पैठणहून, सह्याद्रीतील नाणेघाटाकडे व्यापाऱ्यांचे तांडे जात होते. हाच मार्ग दक्षिणेकडे तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरपर्यंत पोहोचत होता आणि त्याच्या या दक्षिणेकडील टप्प्यात गेवराईचा परिसर येतो.

महाराष्ट्रातील आधुनिक गिरिभ्रमणाने किल्ला हे आपले एकक मानले. मार्ग हे एकक त्याच्या नजरेतून निसटले. त्यामुळे नाणेघाटासारखे एक टोक गर्दीने भरून गेले आणि पैठण-गेवराई-तेर हा सपाटीचा भाग त्याच इतिहासाचा अंश असूनही अभ्यासकांच्या व भटक्यांच्या नकाशाबाहेर राहिला. असे का घडले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सार्थ आणि मार्ग

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी वृत्तांतात दख्खनमधील दोन बाजारपेठांचा उल्लेख येतो. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या अंतरावर पैठण व तेथून पुढे दहा दिवसांच्या अंतरावर तगर. या पेठांतील माल गाड्यांवर लादून, मोठमोठ्या रस्ते नसलेल्या प्रदेशांतून समुद्राकडे नेला जात असे, असेही त्यात म्हटले आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड व मलमल हा त्यातील मुख्य माल होता. तगर म्हणजे तेर ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडली आणि पुढे तेर येथे सापडलेल्या अवशेषांनी तिला बळकटी दिली.

नकाशावर पैठण आणि तेर या दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेषा ओढली, तर ती गेवराई-बीडच्या भूमीवरून जाते. हे अंतर सुमारे १५० किलोमीटर भरते. दहा दिवसांनी भागल्यास दिवसाची चाल १५ किलोमीटर येते आणि बैलगाडीच्या वेगाशी ती नेमकी जुळते. ग्रंथकाराने ही माहिती ऐकीव घेतली असली, तरी ती कोणा प्रत्यक्ष चाललेल्याकडून आलेली असावी, असे मानण्यास हा हिशेब पुरेसा आहे.

पैठणहून पश्चिमेकडे नेवासे, जुन्नर आणि नाणेघाट असा प्रवास होई. नेवासे येथे हसमुख सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ पासून केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन थरांमध्ये रोमन व्यापाराशी निगडित मृद्भांडी मिळाली. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक शैलगृहे खोदलेली आहेत. एवढ्या लेण्यांना आश्रय देणारे धन शेतीच्या उत्पन्नातून उभे राहणे कठीण. ते घाटातून जाणाऱ्या मालावर उभे राहिले. प्रतिष्ठानचे व्यापारी घाटांच्या तोंडांशी दाने देत असत, याचा पुरावा दुसऱ्या एका मार्गावरील पितळखोऱ्यातही आहे. तेथे प्रतिष्ठानच्या मित्रदेव नावाच्या गांधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, दानाचा लेख आहे.

असा प्रवास एकट्याने शक्य नव्हता. जंगल, चोरांचे भय आणि घाटातील चढ यांमुळे व्यापारी एकत्र निघत. अशा समूहाला संस्कृतात 'सार्थ' आणि त्याच्या प्रमुखाला 'सार्थवाह' म्हणत. पुढील काळात लमाण तांड्यांनी हेच काम बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून केले. या मुलखातील सामूहिक प्रवासाची सर्वांत जुनी ज्ञात प्रेरणा व्यापार हीच होती. साहस हे त्या व्यापाराचे मूल्य होते. प्रवासाचा हेतू ते कधीच नव्हते.

नाणेघाटातील लेण्याचे महत्त्व याच संदर्भात ध्यानी घ्यावे लागते. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८२८ मध्ये हे लेणे विद्वानांच्या नजरेस आणले. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि त्यानंतर गेऑर्ग ब्यूलर यांनी तेथील लेखाचे वाचन सिद्ध केले. पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिच्या या ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे व कार्षापणांची नोंद आहे. भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात हा लेख प्राचीनतम पुराव्यांपैकी एक मानला जातो. भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका इत्यादींच्या प्रतिमा होत्या. त्या आता नाहीत. वर कोरलेली नावे आणि खाली पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत. एखाद्या राजघराण्याने आपली वंशप्रतिमा राजधानीत न मांडता घाटाच्या तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला दिसेल अशा ठिकाणी मांडावी, यातच त्या मार्गाचे राजकीय मोल आहे. लेण्याजवळचा दगडी रांजण जकातीचा असल्याचे परंपरा सांगते. पायऱ्या आणि पाण्याची टाकी आजही वापरात आहेत.

पायी चालण्याच्या देशी परंपरा

सातवाहनांनंतर मार्गांचे राजकीय महत्त्व बदलत गेले, तरी समूहाने पायी चालण्याची रीत टिकली. गोदावरीकाठचे पांचाळेश्वर हे गेवराई तालुक्यातील स्थान महानुभाव पंथीयांचे आत्मतीर्थ आहे. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, त्या स्थळांची नोंद करणारी 'स्थानपोथी' या पंथाने निर्माण केली. कोणत्या गावात, गावाच्या कोणत्या दिशेला, कोणते देऊळ, त्याचे द्वार कोणीकडे, अशा तपशिलाने स्थळ निश्चित करण्याची तिची पद्धत आहे. आजच्या गिरिभ्रमण मार्गदर्शकांनीही तिच्याकडून काही शिकावे, इतकी ती काटेकोर आहे. श्रद्धेच्या पोटी लिहिलेला हा ग्रंथ इतिहासाच्या अभ्यासकाला तेराव्या शतकातील वाटा आणि वस्त्या देऊन जातो.

दुसरी परंपरा वारीची. संत एकनाथांची पालखी पैठणहून पंढरपूरकडे जाताना बीड जिल्ह्यातून, रायमोहा-पाटोदा परिसरातील बालाघाटाचा डोंगराळ भाग ओलांडत जाते. मुक्काम, विसावा, दिंडीचा क्रम, शिधा आणि पाण्याची सोय ही सर्व व्यवस्था मार्गाभोवती रचलेली आहे. वारकऱ्याच्या दृष्टीने पंढरपूर जितके पवित्र, तितकीच वाटही; वाटेवरचे गाव दिंडीची वाट पाहते.

मार्गाचा लष्करी अर्थही याच तालुक्यात दिसला. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवन येथे माधवराव पेशवे व रघुनाथराव यांच्या फौजेने निजामाच्या सैन्याचा पराभव केला. निजाम अली सैन्याच्या एका भागासह गोदावरी ओलांडून गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर दक्षिण काठावर मागे राहिला होता. भरल्या नदीने सैन्य दुभंगले आणि दिवाण मारला गेला. या लढाईच्या वर्णनात सेनापतींच्या शौर्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. नदीच्या उताराने बजावलेल्या भूमिकेवर त्या मानाने फारच थोडी.

किल्ल्यांकडे वळलेली पावले

आधुनिक काळात सामूहिक गिरिभ्रमणाला नवी प्रेरणा मिळाली ती राष्ट्रीय भावनेतून. १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. डोंगर चढून जाणे हे त्या प्रसंगी इतिहासाला वंदन करण्याचे कृत्य ठरले. गो. नी. दांडेकर यांनी 'दुर्गभ्रमणगाथा' आदी पुस्तकांतून आणि तरुणांना सोबत घेऊन केलेल्या भटकंतीतून ही भावना घराघरांत पोहोचवली. त्याच सुमारास शहरांत गिर्यारोहणाच्या संस्था उभ्या राहिल्या. मुंबईची गिरिविहार १९५४ मध्ये आणि पुण्याची गिरिप्रेमी १९८२ मध्ये स्थापन झाली. गिरिप्रेमीच्या गिर्यारोहकांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट सर केले, हा या चळवळीचा कळस होय. हरीश कपाडिया यांचे सह्याद्रीवरील मार्गदर्शक पुस्तक १९७७ मध्ये आले आणि अनेक अपरिचित वाटा शहरी तरुणांच्या आवाक्यात आल्या.

या चळवळीचे ऋण मोठे आहे. ती नसती, तर कित्येक किल्ल्यांच्या तटबंदीची व पाण्याच्या टाक्यांची माहितीही उरली नसती. परंतु तिची घडण शिवकालाच्या अभिमानातून झाली, शहरांच्या शनिवार-रविवारच्या सवडीतून झाली आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या जवळिकीतून झाली. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुण्या-मुंबईतील या चळवळीच्या भावविश्वात त्याला स्थान मिळणे अवघडच होते. नाणेघाट तिच्या यादीत आला तो जीवधन, चावंड, हडसर या किल्ल्यांच्या जोडीने, 'एक दिवसाची भटकंती' म्हणून. वैशाखऱ्याहून चढायचे, लेणे पाहायचे, रांजणाजवळ छायाचित्र घ्यायचे आणि उतरायचे. हा घाट कोठून येतो, असा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अलीकडे पावसाळ्यात तेथील उलटा धबधबा पाहण्यास येणाऱ्यांना तर लेण्याशीही कर्तव्य नसते.

एक अपवाद नमूद करणे न्याय्य ठरेल. पन्हाळगड ते विशाळगड या वाटेवर १६६० च्या जुलैमधील घटनेच्या स्मरणार्थ दरवर्षी गट चालतात. तेथे वाट हेच स्मारक झाले आहे. मात्र ही वाट एका रात्रीची आहे. शतकानुशतके वाहत राहिलेल्या व्यापारी मार्गाला असा प्रसंगही नाही आणि नायकही नाही.

अँडीजचा दाखला

हायरम बिंगहॅम २४ जुलै १९११ रोजी माचू पिचूला पोहोचले आणि स्थळाची कीर्ती जगभर पसरली. १९८३ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. गर्दी वाढल्यावर पेरूच्या शासनाने तेथे जाणाऱ्या इंका पायवाटेवर दररोज ५०० माणसांची मर्यादा घातली. तीत वाटाडे आणि भारवाहकही मोजले जातात. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद ठेवली जाते. नाणेघाटाच्या संदर्भात हा शेवटचा नियम विशेष विचारात घेण्याजोगा आहे. अँडीजमध्ये जोराच्या पावसाचा महिना वाटेच्या विश्रांतीचा असतो. सह्याद्रीत ओल्या पायऱ्यांवर सर्वाधिक पावले पडतात ती नेमकी पावसाळ्यातच.

त्याहून महत्त्वाची घटना २०१४ ची. 'कापाक न्यान' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे ३०,००० किलोमीटर पसरलेल्या इंका रस्तेजाळ्याचा वारसा यादीत समावेश झाला आणि अर्जेंटिना, बोलिव्हिया, चिली, कोलंबिया, इक्वेडोर व पेरू या सहा देशांनी तो संयुक्तपणे मांडला. रस्त्याची देखभाल वाटेवरच्या गावांनी करावी, ही इंकाकालीन व्यवस्था काही ठिकाणी अद्याप जिवंत आहे. पेरूतील केस्वाचाका येथे चार केचुआ गावे दरवर्षी गवताचे दोर वळून दरीवरचा झुलता पूल नव्याने बांधतात. अर्थात अँडीजचे चित्र सर्वस्वी आदर्श मानण्याचे कारण नाही. ३०,००० किलोमीटरच्या जाळ्यात पर्यटकांची झुंबड त्याच ४३ किलोमीटरवर आहे. तरी मार्ग हा वारसा असू शकतो, एवढे तेथे अधिकृतपणे मान्य झाले.

महाराष्ट्रात ११ जुलै २०२५ रोजी 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत अकरा महाराष्ट्रातील असून बारावा तामिळनाडूतील जिंजी आहे. शिवनेरी त्यात आहे. तिच्याच परिसरातील नाणेघाट व जुन्नरची लेणी त्यात नाहीत. नामांकनाचा विषय लष्करी असल्याने हे साहजिक आहे. पण त्यातून पुन्हा एकदा किल्ल्याचे एकक दृढ झाले.

गेवराईकडील टप्प्याची अवस्था आणखी नाजूक आहे. डोंगरातील पायरी दगडात कोरलेली असते, ती झिजते पण राहते. सपाटीवरील गाडीवाट नांगराखाली जाते. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाने गोदावरीचा प्रवाह नियंत्रित झाला, नदीचे जुने उतार पुलांमुळे निरुपयोगी झाले आणि वाळूच्या उपशाने पात्र व काठ खणले गेले. जुन्या वस्तीच्या पांढरीतील खापरे आणि विटा या एकमेव पुराव्याला तेथे कोणतेच संरक्षण नाही. मार्गाची दिशा मात्र विलक्षण टिकून आहे. सोलापूर-धुळे महामार्ग धाराशिव, बीड, गेवराई असा येऊन शहागडजवळ गोदावरी ओलांडतो. कल्याणहून निघालेला विशाखापट्टणमचा महामार्ग नाणेघाटाच्या पायथ्याच्या वैशाखऱ्यावरून, माळशेज चढून, गेवराई तालुक्यातील गढीला येतो. दोन हजार वर्षांपूर्वीचे तगर, प्रतिष्ठान आणि कल्याण यांचे त्रिकूट डांबराच्या रस्त्यांनी थोड्याफार फरकाने पुन्हा आखले आहे.

पेरिप्लसने सांगितलेले दहा दिवसांचे अंतर अद्याप पायी मोजून पाहण्याजोगे आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल आणि मराठी विभागांचा एखादा संयुक्त गट पैठणहून तेरकडे निघाला आणि त्याने बैलगाडीची चाल ठेवून नदीकाठ धरला, तर त्याचा दुसरा मुक्काम राक्षसभुवन-पांचाळेश्वरच्या परिसरात पडेल.