न सुटलेला उपवास : सॅरा जेकबचा मृत्यू आणि एका आजाराच्या ओळखीचा इतिहास

१/
डिसेंबर १८६९. वेल्समधील कार्मार्थनशायर परगण्यातल्या एका शेतघरात १२ वर्षांची मुलगी अंथरुणाला खिळलेली होती. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातून आलेल्या चार परिचारिका तिच्यावर रात्रंदिवस पहारा देत होत्या. त्यांना आदेश असा होता : मुलीने मागितले तर अन्न द्यावे, आपण होऊन देऊ करू नये. मुलीने काहीच मागितले नाही. आठ दिवसांनी ती मरण पावली.

२/
तिचे नाव सॅरा जेकब. १८६७ मध्ये ती एका दीर्घ आजारातून उठली आणि तिचा आहार घटत गेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ती काहीही खात नाही, असे आईवडील सांगू लागले. १८६९ च्या आरंभी गावच्या धर्मगुरूने वृत्तपत्राला पत्र लिहून या प्रकाराची चौकशी व्हावी, असे सुचवले. त्या पत्राने सॅरा रातोरात प्रसिद्ध झाली.

३/
रेल्वेने लोक येऊ लागले. फुलांनी आणि फितींनी सजवलेली, पुस्तके वाचणारी ही मुलगी पाहून ते पैसे आणि भेटवस्तू ठेवून जात. मार्चमध्ये गावकऱ्यांनी दोन आठवडे पहारा दिला आणि कसलीही लबाडी आढळली नसल्याचे जाहीर केले. पण तो पहारा ढिला होता. सॅराला थोडेफार अन्न कुठून तरी मिळत असलेच पाहिजे. त्याशिवाय दोन वर्षे जगणे कोणत्याही शरीराला शक्य नाही.

४/
लंडनचे डॉ. रॉबर्ट फाउलर यांनी तिला पाहून हा उन्मादाचा, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘हिस्टेरिया’चा, प्रकार असल्याचे मत दिले. परंतु वाद आजाराचा राहिलाच नव्हता. एका बाजूला चमत्कार, दुसऱ्या बाजूला फसवणूक, असे दोनच पक्ष उरले होते. निवाडा करण्यासाठी डिसेंबरचा कडक पहारा बसला आणि अन्नाची ती चोरवाट बंद झाली.

५/
मुलगी खंगत चालल्याचे डोळ्यांदेखत दिसत होते. पहारा थांबवावा, असे आईवडिलांना सुचवलेही गेले. त्यांनी ते मानले नाही. १७ डिसेंबरला सॅरा गेली. १८७० मध्ये मनुष्यवधाच्या आरोपाखाली वडिलांना १२ महिन्यांची आणि आईला ६ महिन्यांची शिक्षा झाली. पहारा ठरवण्यात भाग घेतलेल्या डॉक्टरांना मात्र शिक्षा झाली नाही.

६/
या घटनेच्या मागे शतकांची परंपरा होती. १४ व्या शतकातील इटलीत सिएनाची संत कॅथरीन अत्यल्प अन्नावर राहत असे. १३८० मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, तिचे निधन झाले. १९८५ मध्ये रुडॉल्फ बेल या इतिहासकाराने अशा संत स्त्रियांच्या उपोषणाला ‘पवित्र ॲनोरेक्सिया’ म्हटले. दोन वर्षांनी कॅरोलाइन वॉकर बायनम यांनी सावध केले : त्या काळात अन्न हे भक्तीचे आणि दानाचे माध्यम होते, आजचे निदान त्यावर सरसकट चिकटवता येत नाही.

७/
हा भेद मराठी वाचकाला सहज उमगेल. एकादशीला द्वादशी असते. व्रताला पारणे असते. उपवास ‘धरला’ जातो, तसा तो ‘सोडला’ही जातो. आजारात नेमके हे सोडणेच हातात राहत नाही.

८/
वैद्यकाची नजर या रुग्णांकडे आधीच वळली होती. १६८९ मध्ये इंग्लंडचे रिचर्ड मॉर्टन यांनी क्षयरोगावरील ग्रंथात दोन विलक्षण रुग्णांची नोंद केली. एक १८ वर्षांची मुलगी, दुसरा १६ वर्षांचा मुलगा. शरीर झिजले होते, पण ताप नव्हता, खोकला नव्हता. मॉर्टन यांनी कारण मनाच्या चिंतांमध्ये शोधले. मुलगी वाचली नाही. मुलगा अभ्यास सोडून मोकळ्या हवेत गेल्यावर बराच सुधारला. हा आजार केवळ मुलींचा नाही, हे पहिल्याच नोंदींत दिसते.

९/
सॅराच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८७३ मध्ये, दोन देशांतल्या दोन डॉक्टरांनी जवळजवळ एकाच वेळी या आजाराचे वर्णन केले. पॅरिसमध्ये शार्ल लासेग आणि लंडनमध्ये सर विल्यम गल. गल हे त्याच गाय्ज रुग्णालयाचे, जिथून सॅराच्या परिचारिका आल्या होत्या. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव त्यांनी दिले.

१०/
गल यांनी नोंदवले की नाडी मंद, शरीर थंड, मासिक पाळी बंद. तरीही रुग्ण स्वस्थ बसत नाही, सतत चालत असते. इतक्या कृश देहात एवढी धावपळ कशी, याचे त्यांना नवल वाटले. उपचार साधा होता : ऊब, ठरावीक वेळी अन्न, आणि रुग्णाच्या तात्कालिक इच्छेवर निर्णय न सोडणे. त्यांच्या काही रुग्ण मुली पूर्ण बऱ्या झाल्या.

११/
लासेग यांनी घराकडे पाहिले. आधी आवडीचे पदार्थ, मग विनवण्या, मग धमक्या. जेवणाचे ताट हेच प्रेमाचे माप ठरते आणि आग्रह वाढेल तसा नकारही वाढतो. रुग्ण मात्र आपल्याला काही झालेलेच नाही, असे शांतपणे सांगते. आजार नाकारणे हाच आजाराचा भाग आहे, ही ओळख त्यांच्या लेखातून झाली.

१२/
मात्र नावच थोडे फसवे निघाले. ‘ॲनोरेक्सिया’ म्हणजे भूक नसणे. प्रत्यक्षात अनेक रुग्णांची भूक मेलेली नसते. ती दडपलेली असते. पुढे १९१४ मध्ये मॉरिस सिमंड्स यांनी पीयूषिका ग्रंथीच्या ऱ्हासाचे वर्णन केल्यावर, खंगलेल्या अनेक रुग्णांचा दोष त्या ग्रंथीवर टाकण्यात आला. मनाचा प्रश्न बरीच वर्षे बाजूला पडला.

१३/
उपासमार मनाचे काय करते, हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस स्पष्ट झाले. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे स्वयंसेवक सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले.

१४/
ते चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. दिवसभर अन्नाचाच विचार. पाककृतींची पुस्तके वाचणे. ताटावर बराच वेळ रेंगाळत खाणे. बंधन उठल्यावर काहींचे खाणे आवरेना. यांपैकी कुणालाही आधी आहारविकार नव्हता. म्हणजे ज्याला लोक ‘हट्ट’ समजतात, त्यातला मोठा भाग उपाशी मेंदूची करणी असते. आजार स्वतःच स्वतःला पोसतो.

१५/
१९७९ मध्ये लंडनचे जेराल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होसा’ हा वेगळा प्रकार मांडला : अनावर खाणे, आणि नंतर त्याची भरपाई करण्याची धडपड. वजन बहुधा सामान्य राहत असल्याने हा आजार घरातही लपून राहतो. केवळ अनावर खाण्याच्या विकाराला अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र स्थान मिळाले ते २०१३ मध्ये.

१६/
४ फेब्रुवारी १९८३ रोजी अमेरिकन गायिका कॅरन कारपेंटर वयाच्या ३२ व्या वर्षी हृदयक्रिया बंद पडून गेली, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. दीर्घ कुपोषणाने हृदयाची लय बिघडते, हाडे ठिसूळ होतात. बुलिमियात शरीरातील क्षारांचा तोल ढळतो. मानसिक आजारांत ॲनोरेक्सियाचा मृत्युदर सर्वांत वरच्यांपैकी आहे.

१७/
कारण एकच नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा दिसला. २०१९ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात चयापचयाशी असलेले नातेही पुढे आले. समाजाचा वाटा फिजी बेटांवर दिसला : भरल्या अंगाचे कौतुक असलेल्या नाद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली आणि तीनच वर्षांत शाळकरी मुलींमध्ये बारीक होण्याची ओढ वाढल्याचे ॲन बेकर यांना आढळले. प्रकृती, स्वभाव, ताण आणि समाजाचा आरसा, असे अनेक धागे एकत्र येतात.

१८/
सॅराला नेमके काय झाले होते, याचे निदान दीडशे वर्षांनंतर करता येणार नाही. तिच्याभोवती मात्र श्रद्धाळू होते, संशयी होते, पत्रकार होते, चार परिचारिका होत्या. ती खरे बोलते की खोटे, हे प्रत्येकाला जाणून घ्यायचे होते. पहारा बसला तो लबाडी पकडण्यासाठी. मुलीला वाचवण्यासाठी कुणीच बसवला नव्हता.

१९/
आज हे विकार ओळखता येतात आणि उपचारांनी बरेही होतात. जितके लवकर, तितके बरे. एखादी व्यक्ती जेवणाला घाबरू लागली, ताटावरून लपवाछपवी करू लागली, तर ती नाटक करते आहे का, हा प्रश्न विचारण्याआधी तिला डॉक्टरांकडे न्यावे. भारतात टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यासाठी विनामूल्य मदत मिळते. १८६९ मध्ये त्या शेतघरात असा क्रमांक नव्हता. पण अन्नाचा घास हाताशी होता. तो पुढे करण्याची मनाई होती.