‘माझे’, ‘आमचे’ आणि पुराण

महर्षी कर्वे यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘आत्मवृत्त’. ते 1915 साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांच्या आठवणींचे पुस्तक 1944 साली आले. त्याचे नाव ‘माझे पुराण’. एकाच घरातल्या या दोन पुस्तकांची केवळ शीर्षके शेजारी ठेवली तरी मराठी स्त्रीच्या आत्मकथनाविषयी बरेच काही कळते.

‘वृत्त’ हा शब्द भारदस्त आहे. झाले ते नोंदवून लोकांपुढे ठेवण्याचा अधिकार त्यात गृहीत धरलेला आहे. ‘पुराण’ मात्र मराठी घरात दोन अर्थांनी वावरते. एक देवळातले, शास्त्रीबुवांनी सांगायचे आणि बायकांनी वाती वळीत ऐकायचे. दुसरे स्वयंपाकघरातले: बाई जरा लांबण लावून बोलू लागली की ‘पुरे झाले तुझे पुराण’ म्हणून तिला गप्प करतात ते. बालविधवेच्या वाट्याला यांतले पहिले पुराण भरपूर येई, कारण तिने घराबाहेर कुठे जावे तर देवळात, आणि काही ऐकावे तर पुराण, एवढीच समाजाची अपेक्षा होती. आयुष्यभर जिने श्रोत्यांत बसावे असे ठरले होते, ती उतारवयात व्यासपीठावर बसते आणि विषय म्हणून स्वतःला घेते. हा विनोद आनंदीबाईंनी जाणून केला की सहज झाला, हे ठरविण्याची मला गरज वाटत नाही. नावात तो आहे.

मूळची ही देवरुखच्या जोशांची गोदू. लग्न आणि वैधव्य दोन्ही कळत्या वयाच्या आधीच येऊन गेलेले. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. पुढे सदन पुण्याला आले. बरोबर चार वर्षांनी, 11 मार्च 1893 रोजी, तिचा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता 1856 सालीच मिळाली होती. पण मुरूडच्या गावकऱ्यांना त्याचे काय? त्यांनी बहिष्कार घातला. ज्या घरात सून म्हणून जायचे त्या घराचा उंबरठाच बंद झाला.

याच सुमारास ‘करमणूक’मधून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः प्रसिद्ध होत होती. यमू ही विधवा तिथे प्रथमपुरुषी बोलते, आणि लेखणी पुरुषाची असूनही तिचा आवाज खरा वाटतो. हरिभाऊंचे ते मोठेपण निर्विवाद आहे. पण यमूचा शेवट ठरलेला होता. वाचकाला अश्रू ढाळण्यासाठी ती मरायला हवी होती. गोदूबाई मेली नाही. तिने संसार केला, मुले वाढविली आणि पन्नास वर्षांनी आपले पुराण लावले. हुंदका न देता बोलणाऱ्या विधवेला ऐकायची तयारी आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाने अजूनही फारशी दाखविलेली नाही. वर्गात ‘पण लक्षात कोण घेतो’ शिकविली जाते. ‘माझे पुराण’ आले तर ते कर्व्यांच्या कार्यावरील पुरवणी म्हणून येते.

आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांचे ‘माझी कहाणी’ 1928 सालचे. कहाणी हीदेखील बायकांनी ऐकायचीच गोष्ट, श्रावणातली. दोघी बहिणींनी ऐकणाऱ्या बाईचे शब्द उचलले आणि त्यांना ‘माझे’, ‘माझी’ जोडले.

हे ‘माझे’ किती अवघड होते ते रमाबाई रानडे यांच्या शीर्षकावरून दिसते. 1910 सालच्या त्या पुस्तकाचे नाव ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. अकराव्या वर्षी रानड्यांच्या घरी आलेली ही मुलगी पतीच्या इच्छेने शिकली, आणि त्यापायी घरातल्या बायकांचा छळ तिने सोसला. सासरी अपेक्षा दोन होत्या, आणि दोन्ही परस्परविरुद्ध. पतीला शिकलेली पत्नी हवी होती, घराला न शिकलेली सून. त्या कोंडीचे वर्णन पुस्तकात इतके बारकाईने येते की ते वाचताना त्यातले मूळ माणूस रानडे नव्हेत हे आपल्याला कळून चुकते. तरी पुस्तक थांबते ते माधवरावांच्या निधनापाशी, 1901 साली. त्यानंतर रमाबाई तेवीस वर्षे जगल्या आणि पुण्याचे सेवासदन त्यांनी उभे केले. ‘आमचे’ आयुष्य संपल्यावर ‘माझे’ लिहिण्याजोगे त्यांना वाटले नाही, किंवा ते लिहिणे शोभेल असे वाटले नाही.

अर्थात, या बायका सामान्य होत्या का, असे कोणी विचारील. आडनावांमुळेच त्यांच्या वह्या छापखान्यापर्यंत पोहोचल्या, हे खरेच आहे. ज्या बाईच्या मागे असे आडनाव नव्हते तिचे पुस्तक यायला 1986 साल उजाडावे लागले. बेबी कांबळे फलटणला लहानसे दुकान चालवीत. दुकानात बसून त्यांनी लिहिले आणि लिहिलेले कागद घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले. ‘जिणं आमुचं’ या नावातले ‘आमुचं’ रमाबाईंच्या ‘आमच्या’हून अगदी वेगळे आहे. ते नवराबायकोचे नाही, महारवाड्याचे आहे. पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात घातला जाणारा लाकडी खोडा त्यात आहे, सासवांचा जाच आहे, बाबासाहेबांच्या हाकेने उठलेल्या बायका आहेत. गावाने महाराकडून काय अपेक्षिले आणि महाराच्या घराने सुनेकडून काय, हे दोन्ही हिशोब त्या एकाच वहीत मांडतात.

एक हिशोब मात्र त्या वहीत नव्हता. 2008 साली माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला. त्याला जोडलेल्या मुलाखतीत बेबीताईंनी सांगितले की नवरा संशय घेई आणि मारहाण करी. पुस्तकात हे का नाही, तर ते त्यांना समाजाचे लिहायचे होते, स्वतःचे नव्हे. कागद ज्याच्यापासून लपविले तो माणूस त्या कागदांत कुठेच नव्हता.