थंडीची वाट

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लावून घेताना जी पहिली शिरशिरी येते, तिच्यावरून आमच्या नाशकात वर्षाच्या थंडीचा अंदाज बांधतात. "यंदा बरी पडणार," असे घरातली एखादी वडीलधारी बाई म्हणते आणि तिचे म्हणणे खोटे ठरावे असे कुणालाच वाटत नाही. परगावच्या पाहुण्याला याचे नवल वाटते. थंडी ही सोसायची गोष्ट. तिची कुणी वाट पाहतो काय? पण ज्या जिल्ह्यात गव्हाला फुटवे थंडीने फुटतात, कांदा थंडीने पोसतो आणि द्राक्षाचा घड डिसेंबरच्या हवेकडे डोळे लावून बसलेला असतो, त्या जिल्ह्यात थंडीला पाहुणी म्हणायचे की धनीण, हाच प्रश्न आहे.

मला या वाट पाहण्याचा इतिहास शोधण्याचा नाद लागला तो असाच एका पहाटे. शोधता शोधता मी नाशकातून निघून अलाहाबादेस गेलो, तेथून थेट अमेरिकेतील एका तळ्यावर जाऊन पोचलो आणि मुंबईमार्गे पुन्हा घरी आलो. अर्थात हा सारा प्रवास घोंगडीत बसूनच झाला. वाचकांनी माझ्याबरोबर तेवढी फेरी करावी.

आधी थंडी पडते कशी ते पाहू. हिमालयाच्या बाजूला हिमवृष्टी होऊन गेली की उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरू लागतात. पण केवळ वाऱ्याने कडाका येत नाही. आभाळ निरभ्र हवे, हवा कोरडी हवी आणि मध्यरात्रीनंतर वारा पडायला हवा. मग दिवसभर तापलेली जमीन आपली ऊब उघड्या आभाळाकडे सोडून देते. ढग असले तर ते दुलईसारखे ती ऊब अडवतात. थंड झालेली हवा जड असते. ती उताराने ओघळत जाऊन सखल जागी साचते. गोदाकाठचे निफाड नाशिकपेक्षाही गारठते, त्याचे एक कारण हे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा रोज किती उतरला ते सारा जिल्हा सकाळी वर्तमानपत्रात वाचतो. नाशकात ७ जानेवारी १९४५ रोजी तो ०.६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता.

निरभ्र रात्रीचे हे गुपित आपल्याकडच्या साध्या माणसांनी विज्ञानाच्या आधी ओळखले होते. अकबर बादशहासाठी सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पाणी गार करीत आणि १५८६ नंतर लाहोरास डोंगरातून बर्फ आणवीत, असे अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त लिहून ठेवले आहे. पण तो झाला बादशाही थाट. मला अधिक मोह पडतो तो अलाहाबादच्या बर्फवाल्यांचा. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने त्यांची हकीकत १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. मोकळ्या मैदानात सुमारे तीस फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल असे खड्डे खणायचे. त्यांत उसाची चिपाडे किंवा कणसांची वाळलेली ताटे वीतभर जाडीची पसरायची. त्यांवर बिनझिलईच्या मातीच्या उथळ थाळ्या ओळीने मांडायच्या आणि सांजवेळी त्यांत उकळून निवविलेले पाणी ओतायचे. पहाटे सूर्य उगवण्यापूर्वी थाळ्यांत बर्फाचा पापुद्रा धरलेला असे. तो गोळा करून खोल खड्ड्यात दडपून उन्हाळ्यासाठी ठेवीत. गंमत अशी, की त्या भागातल्या डबक्यांत आपोआप गोठलेला बर्फ बार्करने कधी पाहिला नव्हता. हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेली नसतानाही थाळीतले पाणी मात्र गोठे. खालची ताटे जमिनीची ऊब वर येऊ देत नसत आणि वरचे उघडे आभाळ पाण्याची ऊब ओढून घेई. दवाची उपपत्ती सांगताना विल्यम वेल्स या डॉक्टराने ही गोष्ट १८१४ साली शास्त्रशुद्ध रीतीने समजावून दिली. बर्फवाल्यांना मात्र ती आभाळाकडे बघूनच कळत होती. आज थाळ्या मांडाव्यात की नाही, हे ते संध्याकाळीच ठरवीत. ढग आला की रात्रीची मजुरी फुकट!

आता सातासमुद्रांपलीकडे चलू. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळा तोंडावर आला की तळ्याकाठची माणसे रोज पाणी न्याहाळतात. तळे गोठून त्यावर चार इंच तरी स्वच्छ, घट्ट बर्फ धरला, म्हणजे माणसाने पाऊल ठेवावे असा तिकडचा दंडक आहे. मग बर्फाला भोक पाडून त्यात गळ सोडायचा आणि मासा लागेपर्यंत कुडकुडत बसायचे, हा त्यांचा हिवाळी आनंद. पहिल्या थंडीने तळ्यावर पातळ साय धरते, दोन दिवस ऊन पडले की विरघळते, आणि गळ सरसावून बसलेला माणूस पुन्हा खिडकीशी येऊन बसतो. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्याकाठी राहिलेल्या हेन्री थोरोने या मासेमारांचे वर्णन आपल्या १८५४ सालच्या ‘वॉल्डन’ या पुस्तकात केले आहे. पण त्याच तळ्यावर १८४६-४७ च्या हिवाळ्यात निराळीच माणसे आली. त्यांना मासे नको होते. तळेच कापून न्यायचे होते.

त्या भागात बर्फाचा व्यापार उभा केला तो बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने. त्याने १८०६ साली वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर पहिले जहाज धाडले, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढले. पुढे १८२५च्या सुमारास नॅथॅनिएल वायथने घोड्याने ओढायचे बर्फ कापण्याचे अवजार काढले आणि तळ्यावर शेतासारख्या सरळ रेघा पडू लागल्या. तिथेही थंडी पडली की काम झाले, असे नव्हते. बर्फावर भुसभुशीत हिम साचले तर ते दुलई होऊन खालचे पाणी गोठू देत नाही. म्हणून मजूर ते खरवडून काढीत, तळ्याला आभाळ मोकळे करून देत. अलाहाबादच्या थाळीचे आणि वॉल्डनच्या तळ्याचे शास्त्र एकच!

१२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी ते कलकत्त्यास पोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. कातडी कमावून उरलेल्या वाळक्या सालीच्या थराने तो राखला होता. पुढच्याच वर्षी, १८३४ साली, तो बर्फ मुंबईत उतरला. फोर्टात सेंट अँड्र्यूज चर्चजवळ बर्फघर उभे राहिले. जमशेटजी जिजीभाईंनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले, यजमान आणि पाहुणे दोघेही पडशाने हैराण झाले आणि ‘मुंबई समाचार’ने त्यांची चांगलीच कानउघाडणी केली, अशी हकीकत मुंबईच्या जुन्या इतिहासांत वाचायला मिळते. अमेरिकेतल्या शेतकऱ्याची थंडी अशी मुंबईकराच्या नाकात शिरली!

पण या व्यापारात वाट पाहणे संपले नाही, ते लांबले. मॅसॅच्युसेट्समध्ये हिवाळा सौम्य गेला की बर्फ पातळ, आणि जहाजाला उशीर झाला की बर्फघर रिकामे. शिवाय या परदेशी, काचेसारख्या बर्फापुढे हुगळीकाठच्या थाळ्यांतला पातळ, गढूळ बर्फ टिकेना. तो गोळा करणाऱ्यांच्या थंड रात्री संपल्या. त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. पुढे १८७८ साली कलकत्त्यात यंत्राने बर्फ करणारी कंपनी निघाली आणि थोड्याच वर्षांत ट्यूडरच्या वारसांनाही गाशा गुंडाळावा लागला. थाळीवाल्याला जहाजाने हटवले, जहाजाला यंत्राने. आज आपल्या स्वयंपाकघरात कपाटाचे दार उघडले की थंडी हजर. तिची वाट पाहावी लागते, हेच आपण विसरून गेलो आहो.

विसरला नाही तो द्राक्षबागाईतदार. ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी १९२५ साली द्राक्षशेतीचा पाया घातला. तेव्हापासून या भागातला बागाईतदार ऑक्टोबर छाटणी झाली की आभाळाशी बोलू लागतो. त्याला थंडी हवी, कारण ढगाळ, दमट हवेत डावण्या आणि भुरी बाग खाऊन टाकतात. पण थंडी फार नको. कारण कडाक्याने मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेले मणी तडकतात, हिरव्या घडात गुलाबी मणी दिसू लागतात आणि व्यापारी तोंड फिरवतो. डिसेंबर २०१८च्या अखेरीस निफाडचा पारा दोन अंशांच्याही खाली गेला, पानांवरचे दव गोठले. अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. म्हणजे काय? ढग नाहीत म्हणून हाताने ढग करायचे! अलाहाबादचा बर्फवाला ज्या ढगाला भीत असे, तोच ढग आमचा बागाईतदार काडीकाडीने विणतो. आणि २६ नोव्हेंबर २०२३ रोजी थंडीची वाट पाहत असतानाच गारपीट झाली. बर्फ आला, पण आभाळातून आणि घडांवर.

घरातल्या कपाटात कितीही थंडी कोंडता आली तरी एकरभर उघड्या बागेला हवी तेवढी, हवी त्या रात्री थंडी देणारे यंत्र अजून निघालेले नाही. तिथे अजूनही संध्याकाळी मान वर करूनच पाहावे लागते.

म्हणून यंदा अभ्यंगाच्या पहाटे मी अंगणात जरा जास्त वेळ उभा राहणार आहे. पणतीतले तेल थिजते का, वारा पडला का, चांदण्या लख्ख आहेत का, ते पाहीन. आणि शिरशिरी आली तर तक्रार करणार नाही. निफाडच्या बाजूला त्या घटकेला कुणीतरी बागेच्या बांधावर उभा राहून तीच शिरशिरी मोजत असेल. ती आली म्हणून तो सुखावेल, आणि फार येईल की काय म्हणून दाराशी पालापाचोळा रचून ठेवील.